कोणता फोरमन

हिलाल वना पाटील याला निवांत बसलेलं फार कमी लोकांनी पाहिलं असेल. एसटीत कंडक्टर होता तेव्हा गाडी रिकामी असली तरी हा दारापाशी उभाच. रिटायर झाल्यावर मुलानं आरामखुर्ची आणून दिली, तिच्यावर त्याची बायको पुष्पाबाई वाळलेले कपडे ठेवू लागली. अंगानं किरकोळ, उंचीनं बेताचा, चालणं तुरुतुरु आणि बोलणं त्याहून तुरुतुरु. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की उरलेलं अर्धं हिलाल स्वतःच पुरं करायचा, आणि वर त्याचं उत्तरही देऊन टाकायचा. पुष्पाबाई म्हणायची, यांना भांडायला दुसरं माणूस लागतच नाही.

हा वेग त्याला बॉक्सिंगनं दिला, की वेग होता म्हणून तो बॉक्सिंगमध्ये गेला, हे आता सांगता येणार नाही. अमळनेरजवळच्या एका खेड्यातून तो पोरवयातच फौजेत भरती झाला. उंची मोजताना टाच जमिनीला टेकली होती की नाही, याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. ट्रेनिंग सेंटरमध्ये एका उस्तादानं त्याला धावताना पाहिलं आणि हातात ग्लोव्ह्ज दिले. बँटम म्हणजे हलक्या वजनगटात तो पलटणीसाठी बरीच वर्षं खेळला. ठोसे त्याचे काही फार जबर नव्हते, पण त्याला ठोसा लागायचाच नाही. समोरचा हवेत हात मारून मारून दमला की हिलाल हळूच टकटक करून पॉइंट घेऊन जायचा.

प्रेमराज गिरधर बोरसे त्याला तिथेच भेटला. दोघं एका तालुक्याचे, पण ओळख झाली ती पलटणीत. प्रेमराज म्हणजे दारातून आत येताना मान वाकवणारा माणूस. हेवीवेटला गडी मिळत नाही म्हणून टीम सांभाळणाऱ्या सुभेदारसाहेबांनी न विचारताच त्याला टीममध्ये घातलं. दुसऱ्या पलटणींनाही हेवीवेट मिळत नसे, त्यामुळे प्रेमराजच्या निम्म्या लढती न लढताच जिंकलेल्या. तो रिंगमध्ये चढायचा, पंच त्याचा हात वर करायचा, आणि तो जरा ओशाळून खाली उतरायचा.

सरावाला त्याच्या अंगाचा दुसरा कोणी नव्हता, म्हणून उस्ताद हिलाललाच त्याच्यासमोर उभं करत. हिलाल त्याच्याभोवती भिंगरीसारखा फिरायचा, खांद्यावर, पोटावर टकटक करायचा आणि तोंडानं स्वतःचे पॉइंटही मोजायचा. प्रेमराज मधोमध उभा राहून नुसता वळत राहायचा. असं कितीतरी दिवस चाललं. मग एकदा हिलाल दोरीकडे सरकला आणि त्याला कळायच्या आत प्रेमराजचा डावा हात त्याच्या बरगडीखाली येऊन गेला. जोरात मारला नव्हता, पण हिलाल खाली बसला तो बसलाच. पाणी पाजलं, पाठ चोळली, तरी श्वास जागेवर येईना. प्रेमराज बिचारा संध्याकाळभर त्याच्या खाटेपाशी बसून राहिला, आणि तेव्हापासून दोघांची जोडी झाली.

वादाला सुरुवात झाली ती एका व्हिडिओ कॅसेटमुळे. चौऱ्याण्णव साली अमेरिकेत जॉर्ज फोरमननं पुन्हा हेवीवेटची गादी जिंकली. वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या झाईरमध्ये मुहम्मद अलीकडून हरून ती गमावलेला हा माणूस आता टकला, पोट सुटलेला, पंचेचाळीस वर्षांचा. समोर मायकल मूरर, त्याच्याहून कितीतरी तरुण, हलक्या वजनातून वर आलेला, हाताचा चपळ. राउंडमागून राउंड फोरमन मार खात होता. दोन राउंडच्या मधे इतर खेळाडू स्टुलावर बसतात, तसा हा बसतही नव्हता. आणि दहाव्या राउंडला त्याचा एक सरळ उजवा हात गेला आणि मूरर पाठीवर पडला. सुभेदारसाहेबांनी ही कॅसेट कुठून तरी पैदा केली आणि सगळ्या बॉक्सिंग टीमला टीव्हीसमोर बसवलं.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये हिलालनं जाहीर केलं, की हा निव्वळ योगायोग आहे. पोरानं पाय हलवले असते तर म्हाताऱ्याला त्याची सावलीसुद्धा सापडली नसती. लहान चणीचा, खरा वेगवान माणूस फोरमनसमोर उभा केला तर फोरमन हरणार, जवानीत अलीसमोर हरला तसाच. प्रेमराज घास गिळून म्हणाला, "नही भो, तसं नही, फोरमन जो शे..." पण तोवर हिलाल पुढच्या मुद्द्यावर गेला होता.

तो वाद पुढं तीस वर्षं चालला. पलटणीतून सुटून दोघं अमळनेरला आले. हिलालला एसटीत नोकरी मिळाली, प्रेमराजनं पेठेत पिठाची गिरणी टाकली. ड्यूटी संपली की हिलाल घरी जाण्याआधी गिरणीवर जायचा. पट्ट्याचा आवाज एवढा, की दोघांना ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे कळण्याच्या भाकरीचं दळण, ज्वारी-उडीद, घेऊन आलेल्या बायकांनाही हळूहळू सगळं माहीत झालं. हिलाल जिमी यंगचं नाव घ्यायचा. यंगनं फोरमनला नुसतं चुकवून चुकवून हरवलं होतं. मग अली. त्यावर प्रेमराज सावकाश म्हणायचा, की अली काही लहान नव्हता, आणि त्या दिवशी तो पळालाही नव्हता, तो दोरीला टेकून उभा राहिला होता आणि फोरमन... इथवर आला की हिलाल त्याचं वाक्य उचलायचा. फोरमन दमला, हेच तर मी म्हणतो. प्रेमराज मान हलवायचा आणि जात्यात धान्य सोडायचा.

अलीकडे मोबाइल आला आणि हिलालला नवा माणूस सापडला. युक्रेनचा उसिक. खालच्या वजनातून वर आलेला, आणि स्वतःपेक्षा वीतभर उंच टायसन फ्युरीला हरवणारा. उसिक जिंकला त्या दिवशी हिलाल गिरणीवर जिलबी घेऊन आला. प्रेमराजनं जिलबी आवडीनं खाल्ली आणि सांगितलं, की फ्युरी म्हणजे फोरमन नव्हे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये फोरमन वारला. त्या दिवशी प्रेमराजनं पट्टा थांबवला आणि दुपारपर्यंत गिरणी बंद ठेवली. कोण गेलं म्हणून एका बाईनं विचारलं, तर म्हणाला, आपल्यातलाच एक. त्याची बायको सुनंदाबाई हिला एवढंच माहीत होतं, की या फोरमननं आपल्या पाचही मुलग्यांचं नाव जॉर्जच ठेवलं होतं. अशा माणसासाठी दळण कशाला थांबवायचं, हे तिला समजेना. हिलालही आला, पण त्या दिवशी त्यानं वाद काढला नाही. दोघं बंद गिरणीच्या पायरीवर चहा पीत राहिले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात प्रेमराजला लकवा मारला. सकाळची वेळ होती. गिऱ्हाइकाचा डबा उचलता उचलता त्याचा उजवा हात खाली आला आणि पीठ जमिनीवर सांडलं. तो ते पीठ गोळा करायला वाकला आणि उठलाच नाही. सुनंदाबाईनं हिलालला फोन केला. तिचं "हिलालभाऊ, हे..." एवढंच झालं असेल, तेवढ्यात हिलाल चपला न घालता निघाला होता. त्यानंच गाडी मिळवली, चौघांना हाताशी धरून प्रेमराजला आत घातलं आणि थेट धुळे गाठलं. वेळेत आणलंत म्हणून जीव वाचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिलालच्या घाईचा आयुष्यात एवढा उपयोग दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळ्यांत ओळख होती, बोललेलं सगळं समजत होतं. तोंड उघडलं की मात्र नुसता आवाज यायचा. दवाखान्यातून सुटल्यावर त्याला अमळनेरला नेलं नाही. त्याची मुलगी भाविका धुळ्यात देवपूरला राहते, तिच्या घरी ठेवलं, म्हणजे रोजचे व्यायाम आणि बोलण्याचे उपचार चालू राहतील.

हिलाल एक दिवसाआड धुळ्याची गाडी धरू लागला. येताना पेरू नाहीतर बोरं आणायचा, पलंगाशेजारी उभा राहायचा आणि बोलायला सुरुवात करायचा. डेपोत काय झालं, बोरी नदीला पाणी किती आहे, गिरणीच्या शटरला कोणी कागद चिकटवला. गप्प राहिलं तर खोलीत जे उरायचं त्याची त्याला भीती वाटत होती. प्रेमराजनं ओठ हलवले की हिलाल लगेच पुढं व्हायचा. पाणी पाहिजे? उशी? पंखा बंद करू? भाविकाला हाक मारू? प्रेमराज डोळे मिटून घ्यायचा. एकदा त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं आणि हिलाल निघेपर्यंत तसाच पडून राहिला. परतीच्या गाडीत हिलालला वाटलं, आपण उद्या-परवा नाही गेलो तर चालेल.

पण तो गेला. त्या दिवशी बोलण्याचे उपचार करणारी सुलक्षणा तिथं होती. वयानं भाविकाएवढीच, आवाज मऊ. तिनं थोडा वेळ कोपऱ्यातून दोघांकडे पाहिलं आणि मग हिलालला गॅलरीत बोलावलं.

"काका, तुम्ही एवढ्या लांबून येता, हे फार चांगलं आहे," ती म्हणाली. "पण त्यांच्या तोंडचे शब्द तुम्ही काढून घेता."

"मी मदत करस ना ताई."

"माहीत आहे मला. पण शब्द त्यांच्या डोक्यात आहे, हरवलेला नाही. तो ओठापर्यंत यायला वेळ लागतो. तुम्ही तुमचा शब्द पुढं केला की ते शोधायचं सोडून देतात. वाक्य त्यांचं आहे, तर शेवटही त्यांनाच करू द्या. कितीही वेळ लागू दे."

हिलालला राग आला आणि तो राग कुठं ठेवावा ते समजलं नाही, कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. मग तिनं विचारलं, आजारी पडायच्या आधी तुम्ही दोघं कशावर बोलायचात? हिलालला सांगायची लाज वाटली. मुलाबाळांचं, शेतीवाडीचं काही असतं तर बरं झालं असतं. त्यानं खाली रस्त्याकडे बघत सांगितलं, अमेरिकेच्या एका बॉक्सरवर. सुलक्षणा हसली नाही. तिनं विचारलं, त्यावर बोलताना ते चिडायचे का? हिलाल म्हणाला, तो चिडत नाही, पण त्याचे कान लाल व्हायचे. मग त्याच्यावरच बोला, असं सांगून ती आत गेली.

त्यानंतर हिलालनं भाविकाला खुर्ची मागितली आणि तो पलंगाजवळ बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, नाहीतर ते आपोआप उशीकडे जात. त्यानं एक लढत सांगायला घेतली. तिची कॅसेट नव्हती, कारण ती झालीच नव्हती. एका कोपऱ्यात फोरमन, दुसऱ्या कोपऱ्यात उसिक. घंटा वाजली. उसिक डावखुरा, तो उजवा पाय पुढं टाकून बाहेरून फिरतो आहे, टकटक करून परत जातो आहे. फोरमन हात पुढं करून वाट अडवतो आहे. एवढं सांगून हिलाल थांबायचा आणि प्रेमराजकडे बघायचा. घड्याळाचा आवाज यायचा. प्रेमराज ऐकत होता, हे दिसत होतं, पण ओठ हलत नव्हते. हिलालला हे थांबणं रिंगमधल्या मारापेक्षा जड गेलं. तरी तो प्रत्येक भेटीत पुढचा राउंड सांगायचा आणि तेवढाच वेळ गप्प बसायचा.

असे बरेच राउंड झाले. एके दुपारी सुनंदाबाई चहा घेऊन दारात आली होती. हिलाल सांगत होता, की घंटा झाली, राउंड संपला, उसिक आपल्या कोपऱ्यात गेला, फोरमनही कोपऱ्यात जाऊन स्टुलावर बसला, धापा टाकतो आहे.

चादरीवरचा प्रेमराजचा डावा हात हलला. त्यानं हिलालकडे पाहिलं आणि ओठ पुढं काढले. आवाज आला, तुटला, पुन्हा आला. हिलालच्या जिभेवर तीन शब्द तयार होते. त्यानं दात घट्ट मिटले. सुनंदाबाई कपबशी धरून तशीच उभी राहिली. प्रेमराजच्या कपाळाला घाम आला, कान लाल झाले.

"उ... उभा."

हिलालला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. फोरमन म्हातारपणी परत आला तेव्हा दोन राउंडच्या मधे बसायचा नाही. कोपऱ्यात उभा राहायचा. हिलाल बोलण्याच्या भरात चुकला होता, आणि पलंगावरून उठता न येणाऱ्या माणसानं ती चूक दुरुस्त केली होती.

"बराबर," हिलाल म्हणाला. "उभा शे. मी चुकनू."

सुनंदाबाईनं कपबशी खाली ठेवली, ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. प्रेमराजनं तोच शब्द आणखी दोनदा म्हणून पाहिला, जीभ जागेवर आहे ना हे तपासावं तसा. हिलाल तेवढ्यापुरता खाली रस्त्यावर जाऊन आला. रसवंतीवाल्यानं विचारलं, काका, काय झालं, तर त्यानं डोळ्यात काही गेलं असं सांगितलं. पुढं अमळनेरला ही गोष्ट सांगताना हिलाल म्हणायचा, की ती चूक आपण मुद्दाम केली होती. तसं काही नव्हतं. पण सुनंदाबाईनं कधी त्याचं म्हणणं खोडलं नाही.

एक शब्द आला आणि मग मागून दुसरे यायला लागले. काही वाकडे, काही भलत्याच जागी. बायकोला तो चार दिवस भाविका म्हणत होता आणि भाविकाला ताई. सुलक्षणानं सांगितलं, येऊ द्या, जसे येतील तसे. पायातही थोडी ताकद आली. उन्हं तापू लागली तेव्हा काठी धरून चार पावलं टाकता येऊ लागली आणि प्रेमराजला अमळनेरला आणलं.

त्याआधी काही दिवस सुनंदाबाईनं परत येऊन, एक माणूस हाताशी घेऊन गिरणी पुन्हा सुरू केली होती. आता प्रेमराज सकाळी गिरणीत खुर्ची टाकून बसू लागला. पिठाचा वास आला की त्याचा चेहरा सैल होतो, असं ती म्हणते. हिलाल पूर्वीसारखाच येऊ लागला. फक्त बोलायच्या वेळी आता पट्टा बंद करावा लागे, कारण प्रेमराजला ओरडता येत नव्हतं. बायका डबे ठेवून थांबत. कोणी कुरकुरलं नाही. त्यांनाही या माणसाचा आवाज ऐकायचा होता.

एका सकाळी हिलालनं पुन्हा जुना वाद काढला. मुद्दाम काढला, कारण तेवढा वेळ प्रेमराजच्या तोंडाला व्यायाम होतो. उसिकसमोर फोरमन टिकणार नाही, असं तो म्हणाला, आणि कारण सांगितलं. झाईरमध्ये पंचवीस वर्षांचा दांडगा फोरमन काय करत होता? पहिल्या घंटेपासून ठोसे, ठोसे, नुसते ठोसे. आठव्या राउंडला हातात काही उरलं नाही. चपळ माणूस त्याला असाच दमवणार.

प्रेमराजनं डावा हात वर केला. बोलायचं आहे, याची ती खूण होती. हिलाल थांबला.

"तू... जवान..." प्रेमराज म्हणाला. मग बराच वेळ गेला. "जवान फोरमन... सांगस."

हिलालनं मान हलवली. अजून काही येणार होतं, हे त्याला दिसत होतं.

"मी... म्हातारा... सांगस."

हिलालला वाटलं, शब्द पुन्हा भलत्या जागी पडला. त्यानं सावकाश विचारलं, "म्हातारा म्हणजे? मूररले पाडनारा तो?"

प्रेमराजनं हो म्हणून मान हलवली. मग एकेक शब्द जमवत त्यानं पुरं सांगितलं. जवान फोरमन घाई करायचा, म्हणून तो हरणारच. म्हातारा फोरमन थांबून राहायचा. मार खायचा, जागा सोडायचा नाही, आणि समोरचा कधी ना कधी जवळ येणारच, हे त्याला माहीत होतं. उसिकसमोर तो म्हातारा उभा करून बघ. एवढं बोलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी एक डबा दळून झाला असता.

"पहिलेपासून?" हिलालनं विचारलं. "मेसमा बोलनू तवयपासून?"

"पहिलेपासून."

"मंग सांगं का नही?"

प्रेमराजच्या तोंडाची डावी बाजू हसली. "सांगी... राहिंतू," तो म्हणाला.

सांगत तर होतो. हिलालला मेसमधलं ते ताट आठवलं, "फोरमन जो शे" इथं तुटलेलं वाक्य आठवलं. तीस वर्षं तो ज्या फोरमनला हरवत होता त्याच्या बाजूनं प्रेमराज कधी बोललाच नव्हता. जवान फोरमन हरेल, यावर तर दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. हिलालला हसू आलं. ते थांबेना, तेव्हा प्रेमराजही हसायला लागला, आणि डबे घेऊन बसलेल्या बायका दोघांकडे बघत राहिल्या. सुनंदाबाईनं पट्टा सुरू केला.

घरी गेल्यावर हिलाल जरा गप्पच होता. पुष्पाबाई भाजी निवडत बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याचं सांगत होती. बोदवडला जायचं होतं, मुलाकडचे लोक कसे आहेत, जेवणात काय ठरलं आहे, गाडीनं जावं की रेल्वेनं. हिलाल ऐकत होता. ती मधेच थांबली, त्यानं काही म्हटलं नाही. ती पुन्हा बोलली, पुन्हा थांबली, तरी हा गप्पच. तेव्हा तिनं उठून त्याच्या कपाळाला हात लावला आणि ताप आहे का विचारलं. तो म्हणाला, नाही, तू सांग. मग तिनं सांगितलं, की तिला बोदवडला आठ दिवस राहायचं आहे. हे ती गेल्या वर्षीपासून मनात धरून होती, असंही त्याला त्याच बोलण्यात कळलं. तो म्हणाला, राहा.

ती गेली त्या आठवड्यात हिलालनं मोबाइलवर म्हाताऱ्या फोरमनच्या जेवढ्या लढती सापडल्या तेवढ्या बघितल्या. आधीही पाहिल्या होत्या, पण तेव्हा त्याचं लक्ष समोरच्या चपळ माणसाच्या पायांवर असायचं. आता तो फोरमनचे पाय बघत होता. म्हातारा फार चालतच नव्हता. तो अर्धं पाऊल डावीकडे टाकायचा आणि समोरच्याला चार पावलं पळावं लागायचं. हिलालनं व्हिडिओ मागे नेऊन नेऊन ते अर्धं पाऊल पाहिलं. पलटणीतल्या रिंगमध्ये तो दोरीकडे सरकला होता तेव्हा आपण सरकलो असंच त्याला वाटलं होतं. आता त्याला शंका आली, प्रेमराजनंच तर आपल्याला तिकडं नेलं नव्हतं?

तरी तो हार मानायला तयार नव्हता. एक्याण्णव सालची होलीफिल्डशी झालेली लढत त्यानं काढली. होलीफिल्डही खालच्या वजनातून वर आलेला, फोरमनहून हलका, वेगवान, आणि समोर म्हातारा फोरमनच. पूर्ण बारा राउंड चालले आणि पॉइंटवर होलीफिल्ड जिंकला. हिलालनं ही लढत दोनदा पाहिली आणि सकाळी चहा न घेता गिरणीवर गेला.

प्रेमराजनं सगळं ऐकून घेतलं. काठीवर दोन्ही हात ठेवून तो विचार करत राहिला. उजवा हातही आता काठीवर टेकत होता.

"ते... खरं शे," तो म्हणाला.

एवढी वर्षं हिलाल या वाक्याची वाट बघत होता. हे वाक्य आलं की आपण गिरणीत नाचू, जिलबी वाटू, पेठेत सांगत सुटू, असं त्यानं कितीदा मनात रंगवलं होतं. त्यानं नुसतीच मान हलवली. तेवढ्यात एक म्हातारी बाई दादर ज्वारीचा डबा घेऊन आली, तर त्यानं पुढं होऊन तो तिच्या हातातून घेतला आणि जात्यापाशी नेऊन ठेवला. डबा त्याला जड गेला. प्रेमराज हे असे डबे दिवसभर एका हातानं उचलायचा.

जेवणाच्या वेळी प्रेमराजला घरी पोचवायचं काम आता हिलालकडे आहे. घर काही लांब नाही, पण वाटेत चढ आहे. हिलाल त्याच्या उजव्या अंगानं चालतो, कारण तोल गेला तर तिकडेच जातो. त्या दुपारीही दोघं असेच निघाले. काठी पुढं, मग डावा पाय, मग ओढत आणलेला उजवा. सायकली, रिक्षा बाजूनं जात होत्या. किराणा दुकानदारानं हात वर केला, प्रेमराजनं काठी जरा उचलून उत्तर दिलं.

चढ संपल्यावर प्रेमराज थांबला. हिलालही थांबला. प्रेमराजचा श्वास जागेवर यायला वेळ लागला, तोवर हिलाल समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहिला.

"जातं..." प्रेमराज म्हणाला, "...बोथट व्हयनं."

पीठ जाडसर येतंय, हे हिलालच्याही लक्षात आलं होतं. जात्याच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून घ्यायला हवी होती. मग कोणाला बोलवायचं यावर दोघं बोलत चालू लागले. यावलकडचा एक कारागीर हिलालच्या ओळखीचा होता, पण तो केळीच्या हंगामात मिळत नाही. प्रेमराजच्या मनात दुसरा एक माणूस होता. दोघं घरापर्यंत पोचले तेव्हा कुठं त्याचं नाव प्रेमराजच्या तोंडी आलं. सुनंदाबाईनं ताटं वाढली होती.